पंचवीस चौरस मीटरांचे घर

मुलांनो, भंडारा जिल्ह्यातील धानाची शेते तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. ज्या वैनगंगेच्या काठी ही शेते पसरली आहेत, ती नदी मध्यप्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि आमच्या जिल्ह्यातून वाहत पुढे दक्षिणेस जाते. एरवी ती शांत असते. परंतु ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या मुलखात अतोनात पाऊस झाला, तिकडील धरणाचे पाणी सोडावे लागले, आणि वैनगंगा काठ सोडून गावांत शिरली. भंडारा शहराचा सखल भाग पाण्याखाली गेला. नदीकाठची पुष्कळ मातीची घरे बसली.

त्यांत पवनी तालुक्यातील माझ्या थोरल्या बहिणीचेही घर होते. आम्ही भावंडे तिला 'बाई' म्हणतो. तिच्या घरात पाणी जेमतेम दोन फूट चढले असेल. पण मातीच्या भिंतीचा पाया एकदा भिजला की वरचा भार तिला सोसत नाही. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी माजघराची भिंत आडवी झाली. माणसे सुखरूप राहिली, हे नशीब.

ते जुने घर कसे होते, हे आधी सांगितले पाहिजे. पुढे अंगण. मग लाकडी खांबांवर उतरत्या कवेलूंची सपरी. इतर भागांत जिला ओसरी किंवा पडवी म्हणतात, तिलाच आमच्याकडे सपरी म्हणतात. सपरीमागे माजघर, त्याच्या एका अंगाला सैपाकघर, दुसऱ्या अंगाला धानाच्या ढोल्यांची अंधारी खोली, आणि सर्वांच्या मागे सांदवाडी. सांदवाडीत विहीर, न्हाणी, तणसाचा ढीग आणि भाजीचे दोन वाफे. घर मोठे होते असे नाही. पण प्रत्येक गोष्टीला तिची जागा होती, आणि ती जागा कोणी ठरवली होती हे कोणालाच ठाऊक नव्हते. पिढ्यान्पिढ्या राहता राहता ती ठरत गेली होती.

पुढे बाईच्या मुलाच्या नावे घरकुल मंजूर झाले. शासनाच्या ग्रामीण आवास योजनेत घराचे क्षेत्र निदान २५ चौरस मीटर असावे आणि त्यातच स्वच्छ सैपाकाची जागा असावी, असा नियम आहे. सपाट प्रदेशासाठी त्या वेळी १,२०,००० रुपयांचे साहाय्य हप्त्याहप्त्याने मिळत असे. त्यात घरच्यांनी आपली पुंजी घालावयाची. २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. एक बाजू १५ फूट आणि दुसरी १८ फूट धरली, तर आतले क्षेत्र २७० चौरस फूट होते. एवढ्यात पाच माणसांनी राहावयाचे होते : बाई, माझा भाचा, सूनबाई, सातवीत शिकणारी नात आणि चौथीतला नातू.

मी चाळीस वर्षे शाळेत मराठी शिकवली. घरे बांधण्याशी माझा संबंध नव्हता. तरी भाच्याने मला बोलावून घेतले. "मामा, नकाशा आणला आहे, जरा पाहा," असे म्हणून त्याने एक कागद पुढे केला. शहरातल्या कोणाच्या तरी घरावरून तो उतरवलेला होता. पुढे १५ फूट रुंद आणि १० फूट खोल असा हॉल. त्याच्या मागे एका कोपऱ्यात निजण्याची खोली, दुसऱ्या कोपऱ्यात सैपाकघर. हॉलमध्ये सोफा ठेवावयाचा, हे भाच्याच्या मनाने आधीच घेतले होते. बाई आणि मुले रात्री त्याच हॉलमध्ये निजणार होती.

कागदावर सगळे छान दिसत होते. चौकोनात चौकोन नीट बसले होते. परंतु घराचा नकाशा वाचताना भिंती शेवटी पाहाव्यात, आधी माणसे पाहावीत, असे मला वाटते. मी नातीला हाक मारली. तिची गणिताची चौकटी वही मागून घेतली आणि म्हटले, "एक चौकट म्हणजे एक फूट. आता आपण घर खेळू या."

आम्ही १५ चौकटी रुंद आणि १८ चौकटी लांब असा आयत काढला. मग जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापले. आजीची खाट ६ फूट लांब, ३ फूट रुंद. म्हणून तिचा तुकडा ६ चौकटी बाय ३ चौकटी. माणसाचे अंथरूण ६ बाय अडीच. भाच्याचा सोफा साडेसहा बाय अडीच. लोखंडी कपाट ३ बाय दीड. धानाची एक ढोली म्हणजे ३ फूट व्यासाचे वर्तुळ. हे तुकडे हलवता येतात, भिंती मात्र एकदा उभ्या राहिल्या की हलत नाहीत. म्हणून जे काही भांडण करावयाचे ते पुठ्ठ्याच्या तुकड्यांशी करावे.

अशा मोजणीची एक गंमत सांगतो. जपानात तातामी नावाची जाड चटई असते. ती साधारण ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद, म्हणजे एका माणसाने आडवे होण्याएवढी. तेथे खोली किती मोठी हे सांगताना ती साडेचार चटयांची, सहा चटयांची किंवा आठ चटयांची आहे असे सांगतात. दिवसा अंथरुणे घडी करून कपाटात ठेवली की तीच खोली बसावयास, जेवावयास मोकळी होते. आपल्याकडेही वळकटी करून दांडीवर टाकतच होते की! लहान घरात एका खोलीला दिवसाचे एक काम आणि रात्रीचे दुसरे काम द्यावे लागते. शहरातले नकाशे उतरवणारे नेमके हेच विसरतात.

आता भाच्याच्या नकाशावर आम्ही तुकडे मांडू लागलो. पुढचे दार हॉलच्या एका टोकाला होते, तर सैपाकघराचे दार समोरच्या भिंतीत अगदी दुसऱ्या टोकाला. सैपाकघरातूनच सांदवाडीकडे जाण्याचे मागचे दार. म्हणजे घरातून जाण्यायेण्याची वाट हॉलच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरपी जात होती. या वाटेची लांबी १८ फूट. माणूस हातात कळशी घेऊन जावयाचा तर वाट अडीच फूट तरी रुंद हवी. १८ गुणिले अडीच म्हणजे ४५ चौरस फूट. दीडशे चौरस फुटांच्या हॉलमधील ४५ चौरस फूट केवळ चालण्यात गेले, आणि उरलेल्या जागेचे दोन त्रिकोण झाले. एका त्रिकोणात खाट बसली. दुसऱ्यात सोफा ठेवला. मुलांची अंथरुणे मात्र वाटेवरच येत होती.

"कागदावर काही कळत नाही मामा," भाचा थोडा नाराज होऊन म्हणाला. "प्रत्यक्षात पुष्कळ जागा असते."

मला ते म्हणणे पटले नाही. तरीही त्याचे एक बरोबर होते. कागदावरचा पुठ्ठा पाहून म्हाताऱ्या माणसाला आपली रात्र कशी जाईल हे समजत नाही. म्हणून आम्ही जागेवरच घर आखावयाचे ठरवले. गावातला गवंडी फक्कीची पिशवी, दोरी आणि खुंट्या घेऊन आला. त्याने काटकोन कसा काढला हे मुलांनी टक लावून पाहिले. खुंटीपासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण केली, दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर. आणि त्या दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट होईपर्यंत दोरी सरकवली. अंतर पाच झाले की कोन काटकोन झाला. पायथागोरसाचा सिद्धांत तुम्ही पुढे शिकाल. गवंड्यांनी तो दोरीने साधलेला आहे. मग त्याने दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही २३ फूट ५ इंच भरले, तेव्हा त्याने फक्की सोडली आणि जमिनीवर पांढऱ्या रेघांचे घर उमटले.

आम्ही त्यात खाट आणून ठेवली, सतरंज्या अंथरल्या. बाई आपली काठी टेकत आली आणि खाटेवर बसली. मी तिला म्हटले, "बाई, समज मध्यरात्र झाली आहे. तुला मागे जावयाचे आहे. चल पाहू."

ती उठली. एक सतरंजी तिने ओलांडली. दुसरीपाशी ती थबकली. काठी कोठे टेकावी हे तिला सुचेना. सतरंजीवर नातू खरोखरच आडवा झाला होता आणि हसत होता. बाई हसली नाही. ती माघारी वळून खाटेवर बसली आणि हळूच म्हणाली, "काही हरकत नाही. मी दिवे लागल्यावर पाणी पीतच नाही. पूर आल्यापासून सोडलेच आहे."

क्षणभर कोणीच बोलले नाही. पुरानंतर ती सारी एका टिनाच्या खोपीत राहत होती. रात्री बाहेर जाण्यासाठी झोपलेल्या मुलांना ओलांडावे लागते, त्यांची झोप मोडते, एखादे वेळी तोल जातो, म्हणून सत्तरी उलटलेल्या त्या बाईने संध्याकाळनंतर पाणी पिणे बंद केले होते. आणि हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हाळ्यात तिने हे कसे काढले असेल!

भाच्याने पायाने फक्कीची एक रेघ पुसली. "मामा, पुन्हा मांडू या," एवढेच तो म्हणाला. सोफ्याचे नाव त्याने त्यानंतर काढले नाही.

त्या रात्री कंदिलाच्या आकाराच्या विजेच्या दिव्याखाली वही पुन्हा उघडली. या वेळी आम्ही वाटेपासून आरंभ केला. घराचे तोंड पूर्वेकडे, रस्त्याकडे. पुढचे दार, मधले दार आणि मागचे दार ही तिन्ही उत्तरेच्या भिंतीलगत एका ओळीत घेतली. जुन्या घरात ती तशीच होती, हे तेव्हा बाईच्या ध्यानात आले. अशी वाट भिंतीच्या कडेने जाते, खोलीचे तुकडे करीत नाही, आणि तिन्ही दारे उघडली की वारा घरातून आरपार वाहतो.

मग उन्हाचा विचार. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि ती धग रात्री आत सोडते. म्हणून निजण्याची जागा पूर्वेच्या अंगाला घेतली आणि पश्चिमेला सैपाकघर व धानाची कोठी घातली. ऊन त्यांनी सोसावे. त्यांना झोपावयाचे नसते. पूर्वेकडील ११ फुटांची पट्टी मधल्या भिंतीने दुभागली. उत्तरेला बैठकीची खोली, ११ फूट लांब आणि साडेसात फुटांहून किंचित रुंद. दक्षिणेला निजण्याची खोली, ११ फूट लांब आणि ७ फूट रुंद. नातीने चार अंथरुणांचे तुकडे त्यात शेजारी शेजारी मांडले. चार वेळा अडीच म्हणजे १० फूट. एक फूट उरला, आणि पायांकडेही एक फूट मोकळा राहिला. ती आनंदाने ओरडलीच.

आजीची खाट बैठकीत मधल्या भिंतीला लावली. तेथून रस्ता दिसतो, कोण आले कोण गेले ते कळते. आणि रात्री उठल्यावर चार पावलांवर सरळ वाट मिळते. वाटेत कोणाचे अंथरूण नाही, उंबरठाही नाही. मधल्या दाराचा उंबरठा बाईला हवा होता, रीत म्हणून. सूनबाईने तो तिला सोडावयास लावला. "सासूबाई, तुमच्या पायाला लागेल ते सामानच घरात नको," असे ती म्हणाली.

सूनबाईने आपल्यासाठी फार काही मागितले नाही. पण जे मागितले ते नेमके होते. ओट्यापाशी उभे राहिल्यावर मागचे दार आणि सांदवाडी दिसली पाहिजे. जुन्या सैपाकघरात ती भिंतीकडे तोंड करून बसत असे आणि धूर सगळा माजघरात येत असे. आता चूल मागच्या छपराखाली गेली, आत गॅस. उत्तरेच्या भिंतीत छताजवळ झरोका ठेवला, कारण पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो आणि आतली वाफ, फोडणीचा खाट तो त्या वाटेने बाहेर नेतो. ओट्याची उंचीही पुस्तकातून घेतली नाही. गवंड्याने तिला भिंतीशी उभे केले, तिच्या कोपराच्या चार बोटे खाली कोळशाने रेघ ओढली, आणि ओटा तेवढा केला.

दाराची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ३ फूट रुंदीचे एका फळीचे दार आत उघडले की ते जमिनीवर पाव वर्तुळ फिरते. त्या पाव वर्तुळाचे क्षेत्रफळ ७ चौरस फुटांहून थोडे अधिक भरते, आणि तेवढ्या जागेत काहीच ठेवता येत नाही. जुन्या घराचे सागवानी दार पुरातून वाचले होते. ते दोन झडपांचे होते. दीड फुटांची एकेक झडप फिरली तर दोन्ही मिळून साडेतीन चौरस फूटच जागा घेतात. भाचा नवे लोखंडी दार आणणार होता. या हिशेबानंतर जुनेच दार धुऊन, तेल लावून बसवले.

जुन्या घराचे आणखीही पुष्कळ नव्यात आले. पडलेल्या भिंतींची माती जोत्यात भरली, तिच्यावर मुरूम टाकून चोपला. पुराची रेघ दोन फुटांवर होती, म्हणून जोते अडीच फूट उचलले. आणि बाईसाठी सहा सहा इंचांच्या पाच पायऱ्या, शेजारी धरावयास लोखंडी नळी. वाचलेले खांब आणि कवेलू यांची पुढे पाच फुटांची सपरी झाली. ती २७० फुटांच्या हिशेबात नाही. पण त्या घरात दिवसाचा अर्धा वेळ माणसे तेथेच असतात. वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजी १९३६ पासून राहू लागले. तेथील त्यांची कुटी तुम्ही सहलीला गेलात तर अवश्य पाहा. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, सगळे जवळपासचे. आणि जागा थोडी असूनही बसण्याची, निजण्याची, पाहुण्याची जागा कोठे हे पाहताक्षणी कळते. मी तेथे मुलांना अनेकदा नेले होते, परंतु त्या खोल्यांची मांडणी कधी मोजून पाहिली नव्हती. शिक्षकाकडूनही असे राहून जाते.

नातीला अभ्यासाची वेगळी खोली मिळाली नाही. एवढ्या घरात ती मिळणे शक्यच नव्हते. निजण्याच्या खोलीच्या पूर्वेच्या खिडकीखाली भिंतीत बिजागरीने एक फळी बसवली आहे, अडीच फूट लांब आणि दीड फूट रुंद. सकाळी अंथरुणे उचलली की ती फळी उघडते. उजेड थेट वहीवर पडतो. रात्री फळी मिटते आणि तिच्याखाली तिचेच अंथरूण पसरते. धाकट्याने त्या फळीवर आपलाही हक्क सांगितला आहे. त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

घर उभे राहण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. हप्ते थांबले, पाऊस आला, विटांचे दर चढले. घरभरणीनंतर मी दोन दिवस तेथे राहिलो. रात्री दहाच्या सुमारास मला जाग होती. बाईने उशाशी ठेवलेला तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्याली. उत्तररात्री ती उठली, भिंतीला हात लावीत मागे गेली आणि परत आली. कोणालाही जाग आली नाही. मी जागा आहे हेही तिला कळले नाही.

एक चूक मात्र आमच्या हातून झालीच. नात पुढे आठवीत गेली, तिची शाळा लांब पडू लागली आणि घरात सायकल आली. सहा फूट लांब आणि हँडलपाशी दोन फूट रुंद अशा या वस्तूचा पुठ्ठा आम्ही कापलाच नव्हता. पावसाच्या दिवसांत ती सायकल बैठकीतल्या त्या सरळ वाटेवरच उभी राहू लागली आणि बाईची काठी तिच्या चाकात अडकली. गेल्या दिवाळीत नातीने वही पुन्हा काढली, सायकलीचा तुकडा कापला आणि घरभर फिरवून पाहिला. घरात तो कोठेच बसेना. शेवटी घराच्या दक्षिणेला सोडलेल्या साडेचार फुटांच्या बोळात उरलेल्या कवेलूंचे छोटे छप्पर घालावयाचे ठरले. निजण्याच्या खोलीची दक्षिणेकडील खिडकी त्याच बोळात उघडते. म्हणून छप्पर खिडकीच्या किती पुढे संपवावे, हे ती सध्या दोरी घेऊन मोजीत आहे.